सुपारीला इंग्रजीत काय म्हणतात

गोव्यात फोंडा तालुक्यातलं एक कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. माझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. घरात आजोबा, आजी, मुलीचे आईवडील, मुलगी आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. वडील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पाळीवर जातात. आई लग्नाआधी कुडाळकडची, बीएस्सी झालेली. गावाचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. एवढ्यावरून कुणी ओळखलंच, तर आपल्यापाशी ठेवावं.

मी मराठी प्राथमिक शाळेतून २०१८ मध्ये निवृत्त झाले. या मुलीचा वर्ग ही माझी शेवटची चौथी. त्यानंतरची पाच वर्षं मी जवळजवळ दर गुरुवारी त्या घरी जात होते, म्हणून हे लिहिता येतंय. मी तटस्थ मात्र नाही. मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायला पहिले काही महिने माझा साफ विरोध होता आणि नंतरही काही गोष्टी पटल्या नाहीत. त्या पुढे येतीलच.

पाचवीत काय झालं

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी, काही कोकणी. मूल चौथीपर्यंत मराठीत शिकतं आणि पाचवीला हायस्कुलात गेलं की एका जूनमध्ये गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल सगळं इंग्रजी होतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. पण शाळेच्या माध्यमाचा वाद मिटला नाही. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा तो रस्त्यावर आला. सगळी भांडणं पहिली ते चौथीवरून. पाचवीपासून इंग्रजी, हे जणू पंचांगात लिहिलेलं असल्यासारखं सगळ्यांनीच धरून चाललेलं.

माझ्या वर्गात ही मुलगी बडबडी. पाढे तोंडपाठ, कविता म्हणायला पहिली. जून २०१८ ला हायस्कुलात गेली. जुलैपासून सकाळी पोट दुखायला लागलं. ऑगस्टमध्ये डॉक्टर झाले, सप्टेंबरमध्ये आजीने दृष्ट काढून झाली. चतुर्थीनंतर ती घरातही कमी बोलायला लागली, तेव्हा तिची आई माझ्याकडे आली आणि चाचणीचे पेपर पुढ्यात ठेवले.

त्यातला एक पेपर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रश्न अरेकानटविषयी होता. हे पीक कुठे होतं, त्याला पाणी किती लागतं, दोन वाक्यं लिहा. उत्तराची जागा कोरी. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. अंगणात पोफळीच्या झावळ्या पडल्या होत्या, ओट्यावर सुपारी वाळत होती. मी सहज विचारलं, "पोफळीला पाणी कधी कधी सोडतात गं?" तिने सगळं सांगितलं. पावसाळा सरला की सुरू करायचं, वरच्या झरीतून पाट कसा येतो, बांध कुठे फोडायचा, आजोबा कुठल्या वाफ्याला जास्त देतात आणि का. मग मी म्हटलं, "आणि अरेकानट म्हणजे काय?"

"काहीतरी नट असतं बाई. काजूसारखं. आमच्याकडे नाही होत."

अरेकानट म्हणजे सुपारीच. पाचशे-सहाशे पोफळींच्या सावलीत जन्मलेलं मूल हे सांगत होतं. चूक कुणाची म्हणायची? वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, पण वर्गात चाळीसच्या वर मुलं आणि ती चार-पाच शाळांमधून आलेली. काहींची प्राथमिक इंग्रजीत झालेली, काहींची कोकणीत. शिकवणाऱ्याने थांबायचं तरी कुणासाठी?

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीची सुटी संपली तरी मुलगी शाळेत गेली नाही. आईवडिलांनी ठरवलं की हे वर्ष घरीच. एकच वर्ष, असं त्यांनी मला, आजोबांना आणि बहुधा स्वतःलाही सांगितलं होतं.

कायदा आणि दाखला

मी त्यांना म्हटलं होतं, हे बेकायदेशीर आहे. तेही पूर्ण खरं नव्हतं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्याचं दहावं कलम सांगतं की आपल्या पाल्याला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. पण ते पाळलं नाही तर पालकाला दंड किंवा शिक्षा, अशी तरतूद कायद्यात नाही. सक्ती आहे ती मुख्यतः सरकारवर, शाळा देण्याची. घरी शिकवायला परवानगी आहे असं कुठे लिहिलेलं नाही, आणि घरी शिकवलं म्हणून कुणाला तुरुंगात घालायचं असंही नाही. या मधल्या पट्टीत भारतातली घरी शिकवणारी सगळी कुटुंबं उभी आहेत.

मुलीच्या वडिलांनी कायदा आमच्यापेक्षा नीट वाचला. कारखान्यातल्या माणसाला नियमावली वाचायची सवय असते. दोन गोष्टी त्यांनी खुणा करून ठेवल्या. एक म्हणजे कलम ४. शाळेबाहेर राहिलेलं मूल परत आलं तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं. म्हणजे चौदापर्यंत परतीची वाट उघडी. दुसरं कलम २९. त्यात शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलंय. "बाई, कायदा मोडतोय कोण?" असं ते मला हसत म्हणाले होते. त्या हसण्याचा मला तेव्हा रागच आला.

खरी अडचण कायद्याची नव्हती, कागदाची होती. मुख्याध्यापकांना दाखला द्यायचा नव्हता. दुसऱ्या शाळेचं नाव नसताना नाव कमी केलं तर मूल शाळाबाह्य दिसतं, आणि ते त्यांच्या अंगावर येतं. माणूस वाईट नव्हता, त्यांनी दोनदा घरी येऊन समजावलं. दाखला निघायला मार्च उजाडला. शाळा सोडण्याचं कारण म्हणून त्यावर "पालकांची इच्छा" एवढंच होतं. पुढच्या वर्षी शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी एक बाई आल्या. मुलीने त्यांना कुळागर फिरवून दाखवलं, आजीने सोलकढी दिली. त्या पुन्हा आल्या नाहीत.

देव्हाऱ्यातली घंटा

पहिले चार महिने वाईट गेले. घरी शिकवणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना लोक हा भाग गाळतात. आईने फोंड्याहून पांढरा फळा आणला, भिंतीवर वेळापत्रक लावलं. नऊ ते एक, पाच तासिका, मध्ये दहा मिनिटांची सुटी. तास संपला की घंटा. घंटा कुठली, तर देव्हाऱ्यातली. आजीने त्यावरून अबोला धरला. मुलगी वहीत डोकं घालून बसायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. शाळेत निदान शिक्षिका साडेबाराला निरोप घेते. इथे ओरडणारी बाईच नंतर जेवायला वाढायची, रात्री केसांना तेल लावायची. मुलीने रागवायचं कुणावर, आणि कुशीत शिरायचं कुणाच्या?

आजोबा या काळात सरळ विरोधात. सप्ताहाला पखवाज वाजवणारा, चारचौघांत मान असलेला माणूस. "आमच्या घरांत शाळा सोडपी कोणूच जालो ना," हे वाक्य मी त्यांच्याकडून किमान दहा वेळा ऐकलं. देवळात कुणी विचारलं तर ते सांगायचे, पोरीला बरं नाही.

मार्चमध्ये वेळापत्रक आपोआप गळलं. सुपारीचं काम अंगावर होतं आणि आजोबांना हिशेबाला माणूस हवा होता. त्यांनी काही शिक्षणविषयक विचार करून नातीला बोलावलं नाही. ती रिकामी दिसली म्हणून बोलावलं. ओली सुपारी मोजून घालायची, वाळल्यावर पुन्हा मोजायची. दहा किलोची साधारण दोन किलो राहते हे तिने महिना-दीड महिना थांबून स्वतः पाहिलं, आणि टक्केवारी तिथे शिकली. मग आजोबांबरोबर सुपारी विकायला गोवा बागायतदार या सहकारी संस्थेत. प्रतवारीप्रमाणे दर वेगळे, म्हणजे सरासरी आली. चांगली आणि फुटकी सुपारी एकत्र विकली तर किती तोटा, हा प्रश्न तिने आजोबांना विचारला आणि त्यांना तो तोंडी सांगता आला नाही. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "बाई, ही पोर डोक्यान बरी आसा." मी चार वर्षं प्रगतिपुस्तकात तेच लिहीत आले होते.

माझाही विरोध इथेच ढिला पडला.

तीन रकाने

इंग्रजीचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. तो टाळण्यासाठी मुलीला घरी ठेवलं असतं तर मी गुरुवारचं जाणं बंद केलं असतं. वही काढायची कल्पना कुणाची, यावर आमचं एकमत नाही. मला वाटतं माझी, तिची आई म्हणते तिची. उभी वही, पानावर तीन रकाने. पहिल्यात घरातला शब्द, म्हणजे बहुतेक कोकणी. दुसऱ्यात पुस्तकातला मराठी. तिसऱ्यात इंग्रजी. व्हाळ, ओढा, स्ट्रीम. मूय, मुंगी, अँट. झर, झरा, स्प्रिंग. पोफळ, सुपारीचं झाड, अरेका पाम. ही ओळ तिने पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली होती, बाकी सगळी निळ्या.

पद्धत साधी होती. विज्ञानाचा किंवा भूगोलाचा पाठ आधी बालभारतीच्या मराठी पुस्तकातून वाचायचा. महाराष्ट्राची ही पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, वडील कारखान्याजवळच्या दुकानातून छापून आणायचे. मग तोच विषय इंग्रजी पुस्तकातून. नवा शब्द आला की वहीत. प्रकाशसंश्लेषण हा शब्द मराठी मुलालाही काही सोपा नाही. पण प्रकाश कळतो, आणि उरलेल्याकडे जायला पाय ठेवायला जागा मिळते. सहा-सात महिन्यांनी ती इंग्रजी पाठ आधी उघडायला लागली आणि अडलं तरच मराठीकडे जायची. कुणी सांगितलं नव्हतं.

२०१९ च्या चतुर्थीला या वहीला बहर आला. गोव्यात गणपतीवर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, वेली, कंद टांगतात. कला आणि संस्कृती खातं त्याची स्पर्धाही घेतं. या घरची माटोळी गावात नावाजलेली. त्या वर्षी नात आजोबांबरोबर आठ दिवस रानात फिरली आणि बांधलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद केली. एक्केचाळीस झाल्या. कांगणी, कवंडळ, आंबाडे, तोरिंजन, घागऱ्या. घागरीची वाळलेली शेंग कानाजवळ हलवून तिने मला ऐकवली, आतल्या बिया खुळखुळतात म्हणून घागरी. चौथ्या रकान्यात शास्त्रीय नाव हवं होतं. त्यासाठी आई तिला पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात घेऊन गेली. १८३२ पासूनचं ग्रंथालय, आता मोठी काचेची इमारत. दोन फेऱ्यांत सत्तावीस नावं सापडली. घागरी म्हणजे क्रोटालारिया, हे घरी आल्या आल्या तिने आजोबांना सांगितलं. "इतकें व्हडलें नांव?" म्हणून ते हसले, आणि मग भजनाला आलेल्या प्रत्येकाला माटोळीखाली उभं करून त्यांनी ते नाव नातीकडून वदवून घेतलं. पोरीला बरं नाही, हे सांगणं त्या दिवसापासून बंद झालं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि सगळ्या गोव्याची मुलं घरी आली. सत्तरी आणि सांगे तालुक्यांत पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती. ज्या शेजारणी या आईला नावं ठेवत होत्या त्याच विचारायला लागल्या, तू दिवसभर काय गं करून घेतेस? लोक मला सांगतात की करोनात सगळ्यांनीच मुलांना घरी शिकवलं. नाही. करोनात शाळेचा तास फोनवर आला, घर फक्त जागा आणि आई पुरवत होतं.

आई

सगळे एकच विचारायचे. ही इतर मुलांत मिसळते का? गावातलं मूल मिसळायचं कुठे राहतं? संध्याकाळी देवळाच्या पटांगणावर, सप्ताहात, शिगम्याला, जत्रेत. मुलीचं मिसळणं कधी अडलं नाही. अडलं आईचं.

ती फोंड्याला एका खासगी प्रयोगशाळेत अर्धवेळ कामाला होती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ते सोडलं. पगार फार नव्हता, पण तिचा होता. जून २०२० मध्ये धाकट्यालाही घरी ठेवायचं ठरलं, कारण फोनवरचा दुसरी-तिसरीचा वर्ग त्याच्या पचनी पडत नव्हता. म्हणजे दोन मुलं, दोन इयत्ता, सासूची गुडघेदुखी, नवऱ्याची पाळी आणि गुरं. जानेवारी २०२१ च्या एका गुरुवारी मी गेले तर ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. बादली भरलेली, दोर हातात. म्हणाली, "बाई, तुम्हाला मे महिन्याची सुटी असायची ना?" एवढंच. मग उठून बादली घेऊन आत गेली.

मी हे तिच्या नवऱ्याला सांगितलं. माझं ते काम नव्हतं असं अजूनही कुणी म्हणू शकेल. पण दर महिन्याच्या हिशेबात फी वाचली, बस वाचली, गणवेश वाचला असं लिहिणाऱ्या माणसाने बायकोच्या दिवसाला किंमत लावलेली नव्हती. त्यानंतर घरात वाटणी झाली. रात्रपाळी नसेल त्या दिवशी गणित वडिलांकडे. इतिहास आणि हिशेब आजोबांकडे. आजोबांचा इतिहास म्हणजे १९६१ च्या डिसेंबरातली गोवामुक्ती आणि स्वतःचं पोर्तुगीज शाळेतलं एक वर्ष, पण मुलं ऐकायची. मराठी आणि बुधवार-गुरुवार दोन्ही दुपारी माझ्याकडे. त्या दोन दुपारी आई घरात नसायची. कुठे जायची ते मी विचारलं नाही.

एकदा ती आसगावला जाऊन आली. गोव्याच्या उत्तरेच्या किनाऱ्याला, आसगाव-शिवोलीकडे, मुंबई-बंगळूरहून येऊन राहिलेली अशी बरीच कुटुंबं आहेत. मुलांना घरी शिकवणारी, काही तर अभ्यासक्रमच न मानणारी. त्यांच्या एका भेटीचं तिला कळलं. फोंडा-पणजी, पणजी-म्हापसा, तिथून तिसरी बस. परत आली ती जरा गप्पच. "माणसं चांगली आहेत हो. पण त्यांचा प्रश्न, मुलाला बोर्ड कुठलं द्यायचं, इंग्लंडचं की आपलं. माझा प्रश्न, सुपारीला इंग्रजीत काय म्हणतात." तिथून तिने एक गोष्ट मात्र आणली, मुक्त विद्यालयाचा पत्ता. आणि म्हापशाच्या एका प्रकाशनाचं इंग्रजी पुस्तक, एका गोव्याच्याच मुलाने दहावीनंतर वर्षभर शाळा न करता साप, मासे आणि गांडुळांमागे काढलेल्या दिवसांचं. ते धाकट्याने चित्रांसाठी फाडून ठेवलं.

धाकट्याचं वेगळंच. २०२२ मध्ये शाळा पूर्ण सुरू झाल्यावर तो पटांगणावरून घरी आला आणि म्हणाला, मला शाळेत जायचंय. कारणं दोन. एक, शाळेचा फुटबॉल संघ. दोन, दुपारच्या आहारातली पावभाजी, जी म्हणे घरच्या पावभाजीपेक्षा चांगली असते. आईला दोन रात्री झोप आली नाही. मला त्यात वाईट काही दिसलं नाही. जूनमध्ये तो त्याच हायस्कुलात पाचवीला बसला, दप्तरात बहिणीची तीन रकान्यांची वही घेऊन. अडखळला, पण गप्प झाला नाही. या दोन मुलांवरून कोणती वाट बरी हे ठरवायला जाऊ नये. तो मुळातच दार ढकलून आत जाणारा मुलगा आहे.

तीन तास

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे एनआयओएस म्हणतात, १९८९ मध्ये सुरू झाली. केंद्र सरकारची. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नोंदणी करता येते. पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा हवीच. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो, राहिलेलाच पुन्हा द्यायचा. कुडाळचे मामा १७ नंबरचा फॉर्म भरा म्हणत होते, पण ती महाराष्ट्र मंडळाची बहिःस्थ सोय, इथल्या मुलीच्या कामाची नव्हती.

मुलीने मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र घेतलं. माध्यम मराठी घेता येत होतं. यावर घरात आठवडाभर चर्चा चालली आणि शेवटी मुलीनेच इंग्रजी लिहिलं. आजोबा म्हणाले, मग घरी बसून काय मिळवलं? ती म्हणाली, "आता मला कळतं ना, आबा."

ऑक्टोबर २०२२ ला परीक्षा. निकालात चार विषय उत्तम, विज्ञान नापास.

मी उत्तरपत्रिका पाहिलेली नाही, पण तिने सांगितलं त्यावरून काय झालं ते कळलं. पहिलाच प्रश्न वनस्पतींमधल्या वहनाचा. त्यावर तिने अडीच पानं लिहिली, आकृतीसकट, कारण विषय आवडीचा. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा पाऊण तास गेलेला. विद्युतधारेचा पूर्ण भाग राहिला. चार वर्षांत या मुलीने घड्याळ लावून कधी काही लिहिलं नव्हतं. तीन तास बसायची सवय मोडते आणि ती पुन्हा लावावी लागते, हे मला, छत्तीस वर्षं पेपर घेतलेल्या बाईला, सुचायला हवं होतं. ही चूक माझी. प्रात्यक्षिकाचंही तसंच. अभ्यासकेंद्रावर थोडे दिवस प्रयोग झाले, तेवढेच. विजेरी, तारा, बल्ब घरी आणता येतात. लिटमसही आणला होता. पण व्होल्टमीटर वाचायला सरावाचा हात लागतो, तो शाळेच्या प्रयोगशाळेत नकळत बसतो. कुळागर सगळं शिकवतं असं म्हणणाऱ्यांना मी हा निकाल दाखवते.

मग जानेवारीपासून दर रविवारी ओट्यावर परीक्षा. माझं जुनं गजराचं घड्याळ, तीन तास, मध्ये उठायचं नाही. पहिल्या रविवारी दुसऱ्या तासाला तिचं मनगट आखडलं. पाचव्या रविवारी वेळ पुरला. एप्रिल-मे २०२३ मध्ये विज्ञान सुटलं.

पण निकाल जूनमध्ये, आणि तोवर गोवा मंडळाच्या मुलांचे अकरावीचे प्रवेश सुरू झालेले. एका उच्च माध्यमिक विद्यालयात लेखनिकाने कागद पाहून, "नापासांचं बोर्ड ना हे?" असं मुलीसमोर विचारलं. इथे बऱ्याच शाळा नववीत अडकलेल्या मुलांना तिकडे पाठवतात, त्यामुळे ते नाव तसं झालंय. दुसऱ्या ठिकाणी प्राचार्यांनी हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश दिला, स्थलांतर प्रमाणपत्र नंतर आणायचं. विज्ञान शाखेच्या जागा भरत आल्या होत्या. तिने कला शाखा घेतली, भूगोल आणि मराठीसह. तिला ते मनापासून हवं होतं असं ती सांगते. वनस्पतींच्या वहनावर अडीच पानं लिहिणाऱ्या मुलीबद्दल मला ते पूर्ण पटत नाही, आणि मी तिला तसं सांगितलंय.

अकरावीचा पहिला महिना गमतीचा होता. पाणी प्यायला विचारून जायचं हे तिला माहीत नव्हतं, ती उठून चालायला लागायची. तास संपल्याची घंटा झाली की दचकायची, बोलणं अर्धं राहिलं म्हणून. मैत्रिणी दोन आठवड्यांत झाल्या. भूगोलाच्या सरांनी एकदा वर्गात बागायती पिकांविषयी विचारलं, तेव्हा अरेकानटवर ही किती बोलली ते मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. सरांनी शेवटी हात जोडले म्हणे.

२०२५ ला बारावी झाली. आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, भूगोल घेऊन. आई पुन्हा प्रयोगशाळेत जाते, या वेळी पूर्णवेळ. वही धाकट्याकडून परत बहिणीकडे गेली आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलासाठी मी मागितली तर झेरॉक्स काढून दिली, मूळ दिली नाही.

मागच्या महिन्यात माशेलहून एका बाईचा तिच्या आईला फोन आला. मुलगा पाचवीत, सकाळी पोट दुखतं, तुम्ही कसं केलंत ते सांगाल का? मी तिथेच बसले होते. तिने पुस्तकं, कायदा, मुक्त विद्यालय यातलं काहीच सांगितलं नाही. आधी विचारलं, "घरात मोठं माणूस अजून कोण आहे?" पलीकडून काही उत्तर आलं. मग ती म्हणाली, "तर मग गुरुवारी या. गुरुवारी बाई असतात."